नाकाची ड्यूटी

"ओ फौजी, काय जळतंय का घरात?"

२०१९ च्या मार्चमधली सकाळ. शेजारच्या काकू पदर नाकाला लावून दारात उभ्या होत्या आणि मी हातातला झारा तसाच धरून बाहेर आलो. जळत काहीच नव्हतं. कढईत अर्धा किलो कॉफीच्या बिया होत्या आणि भाजणीचा धूर खिडकीतून सरळ काकूंच्या स्वयंपाकघरात शिरत होता. तसं सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "कॉफी कशाला भाजायची? ती तर बाटलीत मिळती की." आणि हसत निघून गेल्या.

काकूंना ठाऊक नव्हतं, पण अडीचशे वर्षांपूर्वी असं नाक लावून फिरण्याचा सरकारी पगार मिळत असे. आणि तो पगार घेणारे माझेच भाऊबंद होते, म्हणजे माजी सैनिक.

ही गोष्ट प्रशियाची, म्हणजे आजच्या जर्मनीच्या एका मोठ्या भागाची. तिथे फ्रेडरिक दुसरा राज्य करत होता. लष्करी इतिहास वाचणाऱ्यांना तो ‘फ्रेडरिक द ग्रेट’ म्हणून माहीत असतो. १७५६ ते १७६३ हे सप्तवार्षिक युद्ध त्याने लढलं आणि राज्य टिकवलं, पण तिजोरी रिकामी झाली. त्यात प्रजेला कॉफीची चटक लागलेली. प्रशियाच्या ताब्यात कॉफी पिकवणारी एकही वसाहत नव्हती, त्यामुळे प्रत्येक कपाचा पैसा परदेशात जात होता. राजाने आधी जबर कर लावून पाहिला. तेव्हा चोरटी आयात वाढली. शेवटी १७८१ मध्ये त्याने कॉफी भाजण्याचाच मक्ता सरकारकडे घेतला. सरदार, पाद्री, बडे अधिकारी अशा मोजक्या लोकांना घरी भाजण्याचे परवाने दिले. बाकीच्यांनी सरकारने भाजलेली कॉफी चढ्या भावाने विकत घ्यायची.

त्याने भाजण्यावरच बोट का ठेवलं, हे मला भाजायला लागल्यावर कळलं. कच्ची कॉफी लपवायला फार सोपी. हिरवट राखाडी बी, वास जवळजवळ नाही, कोरड्या जागी पोत्यात महिनोन्‌महिने राहते. तिची पावडर करून उकळली तरी जे निघेल त्याला कोणी कॉफी म्हणणार नाही. ती कॉफी होते विस्तवावर, आणि विस्तवावर चढली की गल्लीभर सांगत सुटते. म्हणजे नाकाबंदी करायची तर ती इथेच. राजा शेवटी सेनापती होता, पहारा कुठे बसवायचा हे त्याला बरोबर कळलं.

मग पहारेकरी नेमले. युद्धात जायबंदी झालेले जवळपास चारशे सैनिक. त्यांचं काम एकच : गावात फिरायचं, घरांपाशी वास घ्यायचा, आणि परवाना नसताना कोणी कॉफी भाजत असेल तर धरायचं. लोक त्यांना ‘कॉफी हुंगणारे’ म्हणत. त्या नावात तिरस्कार होता, हे सांगायला नको. ज्यांनी गावासाठी हातपाय गमावले त्यांच्याच तोंडावर गाव दारं लावून घेऊ लागलं. १७८६ मध्ये राजा वारला आणि पुढच्या वर्षी हा सगळा खटाटोप बंद झाला.

हा इतिहास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी स्वतः पहाऱ्यावर बसलो होतो. चोवीस वर्षं सिग्नल्समध्ये काढून २०१८ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. वय त्रेचाळीस. त्या वयात घरी बसवत नाही आणि पोरांची शिक्षणंही असतात. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर नोकरी मिळाली. येणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा, जाणाऱ्याचा डबा उघडून बघायचा. कामात कमीपणा नाही, आपल्यातले हजारो जण ते इमानाने करतात. पण मोबाइलवर त्या चारशे जणांविषयी वाचताना मनात आलं, अडीचशे वर्षांत माजी सैनिकासाठी जगाला दुसरं काही सुचलंच नाही का? तेव्हाही पहारा, आताही पहारा.

त्या रात्री थर्मासमध्ये मीच भाजलेली कॉफी होती. थोडी करपलेली होती, पण माझी होती. ती तिथवर कशी आली, ते सांगतो.

आमच्या घरी कॉफी म्हणजे उपवासाचं किंवा पाहुण्याचं पेय. भरपूर दूध, भरपूर साखर, वरून जायफळ किसलेलं. ती प्यायली की झोप उडायच्या ऐवजी डोळे मिटायला लागत. १९९४ मध्ये भरती होऊन जबलपूरला ट्रेनिंगला गेलो. एका रविवारी आउटपास मिळाला तेव्हा उस्तादांनी आम्हा चौघांना सदर बाजारातल्या इंडियन कॉफी हाउसमध्ये नेलं. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला फेटा, कमरेला पट्टा असा वेटर आला. मला वाटलं बँड प्लाटूनचा माणूस आहे, मी जवळजवळ उठून सावधान झालो. त्याने आणलेल्या कॉफीत जायफळ नव्हतं. कडू लागली. पण गिळल्यावर जिभेवर काहीतरी मागे राहिलं, आणि ते काय होतं याचा विचार मी बराकीत परत येईपर्यंत करत होतो.

त्या फेट्यामागेही इतिहास आहे. आपल्याकडे कॉफी पिकत होती ती मुख्यतः निर्यातीसाठी. देशातही ती खपावी म्हणून १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं. पुढे देशभर अशी कॉफी हाउसं झाली. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतली आणि कामगारांवर गदा आली. तेव्हा ए. के. गोपालन या कम्युनिस्ट नेत्याच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती हॉटेलं स्वतःच चालवायला घेतली. ‘इंडिया कॉफी हाउस’चं ‘इंडियन कॉफी हाउस’ झालं. म्हणजे ज्यांना घरी बसवलं जात होतं त्यांनीच दुकान हातात घेतलं. जबलपूरला कॉफी पिताना मला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्या वेटरला खरोखरच सलाम केला असता.

त्यानंतर सात वर्षं मी लंगरच्या चहावर जगलो. फौज चहाची आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. कॉफी असायची ती कॅन्टीनच्या बाटलीतली. थंडीत मगात पावडर, साखर आणि दोन थेंब पाणी घालून चमच्याने पंधरा मिनिटं फेटायची आणि वर गरम दूध ओतायचं. फेस मस्त येतो. थंडीच्या ड्यूटीत तिने साथ दिली आहे, मी तिची निंदा करणार नाही.

२००१ मध्ये लडाखमध्ये पंधरा हजार फुटांवरच्या एका डिटॅचमेंटला होतो. आमचे सुभेदार साहेब कोडगूचे, म्हणजे ज्याला इंग्रज कूर्ग म्हणत त्या जिल्ह्यातले कोडवा. सुट्टीवरून येताना ते पत्र्याच्या डब्यात घरची कॉफी पावडर घेऊन यायचे. पण तिथे एक अडचण असते. उंची वाढते तसं पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण दर तीनशे मीटरला एक अंश कमी. समुद्रसपाटीला शंभर अंशांवर उकळणारं पाणी पंधरा हजार फुटांवर पंच्याऐंशीच्या आसपासच उकळायला लागतं. कॉफीचा अर्क नीट उतरायला नव्वदच्या वर पाणी लागतं. तिथे स्टोव्ह कितीही भडकवला तरी पाणी पंच्याऐंशीच्या वर जात नाही, नुसतं आटत जातं. साहेबांनी यावर तोड काढली होती. पावडर पिठासारखी बारीक दळलेली आणायची, उकळतं पाणी ओतून भांड्यावर झाकण दाबायचं, भांडं ब्लँकेटमध्ये गुंडाळून दहा मिनिटं विसरून जायचं. पाणी जेवढं थंड तेवढा वेळ जास्त द्यायचा. मग मलमलच्या फडक्यातून गाळायची आणि वर गूळ.

पहिल्याच घोटाला जबलपूरची आठवण आली. तेच ते, जिभेवर मागे राहणारं.

साहेब मला नावाने कधी हाक मारायचे नाहीत. त्या संध्याकाळी म्हणाले, "ऐ मराठा, ऐसी काफी मेरे बाप को नसीब नहीं हुई. पेड उसके थे."

मला वाटलं सावकाराची भानगड असेल. ती भानगड महायुद्धाची होती. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं आणि युरोपच्या बाजारपेठा बंद झाल्या. भारताची कॉफी गोदामात पडून राहिली, भाव कोसळला, बागायतदार बुडायला आले. सरकारने १९४० मध्ये वटहुकूम काढला आणि १९४२ मध्ये कायदा केला. त्यातून आजचा कॉफी बोर्ड आला. पद्धत अशी की प्रत्येकाने आपली कॉफी बोर्डाच्या ‘पूल’मध्ये जमा करायची, विक्री बोर्ड करणार, पैसे हप्त्याहप्त्याने मिळणार. आपल्या राशन डेपोसारखंच म्हणा, फक्त उलट दिशेने. घरच्या वापरापुरती कॉफी ठेवता येत असे. त्यापलीकडे स्वतःची कॉफी स्वतः विकणं हा गुन्हा.

साहेबांच्या घरी चांगलं निवडलेलं दाणेदार बी पूलला जायचं, कारण त्यालाच प्रतवारीप्रमाणे जास्त गुण मिळत. घरात उरायचं ते जमिनीवर पडलेलं, काळवंडलेलं, फुटकं. त्यात चिकोरी मिसळून घरची कॉफी व्हायची. युद्धासाठी आणलेली व्यवस्था युद्ध संपल्यावर पन्नास वर्षं राहिली. १९९२ पासून ती टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि १९९६ मध्ये सगळ्याच बागायतदारांना आपली कॉफी आपण विकायची मोकळीक मिळाली. साहेबांचे वडील त्याच्या आधीच गेले होते.

मी म्हणालो, म्हणजे सरकारने लुटलंच की. साहेब ताडकन म्हणाले, तसं नाही. पूल होता म्हणून लहान माणूस तगला. भाव कोसळला तरी काहीतरी हातात यायचं. आत्ता मोकळीक आहे आणि मी इथे ड्यूटीवर असताना घरी कॉफी मातीमोल भावाने जाते आहे. ते खरं होतं. २००१ च्या सुमारास जगभर कॉफीचे भाव रसातळाला गेले होते. त्यांच्या बोलण्यातली खंत पैशाची नव्हतीच. आपण काय पिकवतो ते आपल्याच जिभेला माहीत नाही, याची होती.

सैनिक आणि कॉफी यांचं नातं शोधू लागलो तेव्हा अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) असंच काही सापडलं, पण उलट्या बाजूने. उत्तरेच्या फौजेत जवानाला वर्षाला सुमारे छत्तीस पौंड, म्हणजे सोळा किलोच्या वर कॉफी मिळायची. सुरुवातीला बरीचशी कच्चीच वाटली जाई. जवान ती शेकोटीवर तव्यात भाजायचे, बंदुकीच्या दस्त्याने ठेचायचे आणि डब्यात उकळायचे. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिएटमच्या लढाईत एकोणीस वर्षांचा एक राशन सार्जंट गोळीबारातून गरम कॉफी आणि जेवण आघाडीवर घेऊन गेला. त्याचं नाव विल्यम मॅकिन्ली. तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्या रणांगणावर या कामगिरीचं स्मारक उभं आहे. लंगरच्या माणसाचं स्मारक झालेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पुढच्या महायुद्धांत झटपट विरघळणारी पावडर आली, राशनच्या पाकिटात बसली, आणि भाजण्याचं काम सैनिकाच्या हातातून कायमचं सुटलं. सोय झाली, यात शंका नाही.

२००९ मध्ये माझी बेंगळुरूला पोस्टिंग होती. साहेब तोवर रिटायर होऊन गावी गेले होते. डिसेंबरात मी मडिकेरीला गेलो. कोडगू म्हणजे आपल्यासाठी तीर्थक्षेत्रच. पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा निवृत्तीनंतर मडिकेरीतच राहिले. जनरल थिमय्यांचा जन्म मडिकेरीचा आणि त्यांचं घराणं कॉफी बागायतदारांचं. त्यांच्या ‘सनी साइड’ या घराचं २०२१ मध्ये संग्रहालय झालं, तिकडे जाल तर चुकवू नका.

साहेबांची बाग सहा एकरांची. वर सिल्व्हर ओक आणि फणसाची सावली, झाडांवर मिरीचे वेल चढलेले आणि खाली कॉफीची झुडपं. लालभडक फळं तोडून, गर काढून, धुऊन, अंगणात वाळत घातलेली. आपल्याकडे ज्वारी वाळत घालतात तशी. दारात पोहोचताच साहेबांच्या आईने गुळाची काळी कॉफी हातात दिली. तिकडे तिला ‘बेल्ला काफी’ म्हणतात. त्या आईला सगळे अव्वा म्हणत, मीही म्हणू लागलो. वय ऐंशीच्या पुढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा लोखंडी कढईत कॉफी भाजायला बसल्या. मी शेजारी जाऊन बसलो. मला कोडवा भाषा येत नाही, त्यांना हिंदी येत नव्हतं. मी डोळे फाडून बियांचा रंग बघत होतो. हिरवा गेला, पिवळा आला, वाळल्या गवतासारखा वास सुटला, मग दालचिनीसारखा रंग. अव्वांनी माझ्या गुडघ्यावर टपली मारली आणि आपल्या कानाला हात लावून दाखवला. ऐक. मी डोळे मिटले. थोड्या वेळाने कढईतून फुटाणे फुटल्यासारखा आवाज आला. टक, टक, मग तडतड. तो थांबला तसं त्यांनी कढई उतरवली आणि बिया सुपात ओतून पाखडायला लागल्या. वर चंदेरी कोंडा उडत होता.

हा ‘पहिला फुटवा’. बीच्या आतलं तापमान दोनशेच्या जवळ आलं की आतल्या वाफेने बी फुटतं. सव्वादोनशेच्या आसपास दुसरा फुटवा येतो, तो बारीक, भाताच्या लाह्यांसारखा. त्याच्या पुढे गेलात की तेल वर येतं आणि कॉफी कोळशाकडे चालू लागते. अव्वांना अंश माहीत नव्हते. त्यांना आवाज माहीत होता.

परतताना कुट्टा आणि तोलपेट्टीमार्गे केरळच्या वायनाडमध्ये उतरलो. सुल्तान बत्तेरीजवळ माझा एक कोर्समेट राहतो. त्या गावाचं नावच टिपू सुलतानाच्या दारूगोळ्याच्या ठाण्यावरून पडलेलं. इथे मला त्या चारशे हुंगणाऱ्यांच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर सापडलं, फक्त तेव्हा तो प्रश्नच मला पडलेला नव्हता.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा भारतीय फौज पंचवीस लाखांची होती. सक्तीची भरती न करता उभी राहिलेली जगातली सर्वांत मोठी फौज. आता यातल्या बहुतेकांना घरी पाठवायचं होतं. घरी म्हणजे कुठे, हा प्रश्न होता. वायनाड तेव्हा मद्रास प्रांतात होतं. सरकारने तिथे माजी सैनिकांना जमिनी देऊन वसवायची योजना आखली. तिचा भाग म्हणून अंबलवयलला १९४६ मध्ये शेतीचं संशोधन केंद्र निघालं. सैनिक शेतकरी होणार, तर त्याला शिकवायला कोणीतरी हवं. ते केंद्र आज केरळ कृषी विद्यापीठाकडे आहे. जंगल दाट आणि मलेरिया भयंकर. कोर्समेटच्या आजोबांसारखी माणसं बर्मा आघाडीवरून वाचून आली आणि इथे हिवतापाशी लढली. मिरी, कॉफी, आलं लावत टिकली.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. वायनाडचं जंगल रिकामं नव्हतं. पणिया, कुरिच्यर, कुरुमा असे आदिवासी तिथे आधीपासून होते, आणि बाहेरून आलेल्या वस्त्यांच्या लाटांमध्ये त्यांची जमीन हळूहळू गेली. कोर्समेटने स्वतःच हे मला सांगितलं, आजोबांचा फोटो दाखवता दाखवता. सैनिकाला पहाऱ्याऐवजी माती द्यावी हा विचार चांगला होता. ती माती कुणाच्या पायाखालून काढली, हेही त्याच वहीत लिहिलं पाहिजे.

तर आता पुन्हा २०१९, कढई आणि शेजारच्या काकू. साहेबांनी पाठवलेलं दहा किलोचं पोतं घरी आलं होतं. अरेबिका, धुऊन वाळवलेली. आणि मी ती बिघडवत होतो. कढईत बीचा जो भाग लोखंडाला टेकतो तो करपतो आणि आतलं कच्चं राहतं. पहिले तीन किलो असेच गेले. मग आमच्या गावच्या फुटाण्याच्या भट्टीवर जाऊन दोन दिवस बसलो. भट्टीवाले मामा हात कधी थांबवत नाहीत, हे तिथे पाहिलं. त्यांची वाळू जे काम करते ते हे, की उष्णता सगळीकडून सारखी लागते. माझ्या डोक्यात उजेड पडला. एका फॅब्रिकेटरकडून स्टीलचा आडवा ड्रम करून घेतला, आत दोन पट्ट्या, बाहेर हाताने फिरवायचा दांडा, खाली गॅसची शेगडी. एका घाण्यात दीड किलो. बारा ते चौदा मिनिटं. फुटव्यानंतर बाहेर काढून चाळणीत ओतायची आणि वर टेबलफॅन लावायचा, कारण उतरवली तरी बी आतल्या उष्णतेने भाजतच राहते. एक किलोचे आठशे ते साडेआठशे ग्रॅमच उरतात, बाकी पाणी आणि कोंडा उडून जातो. भाजलेली कॉफी लगेच प्यायची नसते, हेही उशिरा कळलं. आतला वायू बाहेर पडायला तीन-चार दिवस द्यावे लागतात.

वीस घाणे झाल्यावर पाव किलोचं पाकीट साहेबांना कुरिअर केलं. आठ दिवसांनी फोन आला. म्हणाले, "जली नहीं है. लेकिन जल्दी में है." मला आधी राग आला, मग समजलं. आच सुरुवातीलाच जास्त होती, बाहेरचा रंग आतल्यापेक्षा पुढे पळत होता. आच कमी करून दोन मिनिटं वाढवली. पुढच्या पाकिटावर ते काही बोलले नाहीत, फक्त आणखी एक किलो मागवली. कॉफी पिकवणाऱ्याने माझ्याकडून कॉफी मागवली. चोवीस वर्षांच्या नोकरीत कमेंडेशन कार्ड मिळालं तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. आणि अव्वांनीही ती प्यायली, असं त्यांच्या सूनबाईंनी कळवलं. अव्वा त्या पावसाळ्यात गेल्या.

मग जुन्या युनिटचे लोक मागू लागले. अन्नसुरक्षेची नोंदणी केली, दळण्याचं यंत्र घेतलं. आता महिन्याला तीस-पस्तीस किलो जाते. श्रीमंती नाही. पण दोन वर्षांपूर्वी मी गेटची नोकरी सोडली, एवढं झालं.

ती सोडताना माझ्याबरोबर आणखी एक जण आला. रात्रपाळीचा माझा जोडीदार, तोफखान्यातला नायक. सतरा वर्षं तोफांशेजारी काढल्यामुळे त्याचे दोन्ही कान जवळजवळ गेलेले. गेटवर गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणून तो रोज बोलणी खायचा. मी त्याला ड्रम फिरवायला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की याला फुटवा ऐकू येणार नाही. अव्वांची सगळी विद्या कानाची. मी काळजीत पडलो. तो मात्र ड्रमच्या तोंडाशी वाकून वास घेत राहिला. पहिले सात-आठ घाणे त्याने उशिरा काढले. त्यानंतर एके दिवशी मी फुटव्याची वाट बघत असताना त्याने हात वर केला, आणि दोन सेकंदांनी आतून टक असा आवाज आला.

आता भाजणी तोच करतो. मी दळतो, पाकिटं भरतो आणि हिशेब ठेवतो. सकाळी साडेसहाला ड्रम तापतो. काकू आता दारात येत नाहीत. खिडकीतूनच विचारतात, "झाली का ओ? कप ठेवू का?"